दूरचित्रवाणी मालिकांचे सुवर्णयुग: एक आढावा

दूरचित्रवाणीवरील नाट्याचे सुवर्णयुग संपले काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा चर्चेला येत असून त्याचे उत्तर बहुधा ज्याच्या-त्याच्या आठवणीवर सोपविले जाते. ज्यांनी आपल्या तरुणपणी ‘बुनियाद’ आणि ‘तमस’ पाहिले, त्यांच्या लेखी ते युग केव्हाच अस्ताला गेले, ज्यांच्या घरी ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत लागले की हातातले काम बाजूला ठेवले जात असे, ते हा अस्त दहा-पंधरा वर्षे पुढे ढकलतात, आणि ज्यांना आज मोबाइलवर जगातील हवी ती मालिका हव्या त्या वेळी पाहता येते, त्यांना तर ते युग आता कोठे उगवत आहे असे वाटते. आठवण ही प्रेमाची साक्ष खरी, परंतु निवाड्याला पुरावा लागतो. म्हणून कोणती परिस्थिती एकत्र आली म्हणजे चांगले दूरचित्रवाणी-नाट्य निर्माण होते, ती आपल्याकडे केव्हा होती, केव्हा गेली आणि आज कितपत उरली आहे, एवढे तपासून पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे. आणि त्यासाठी भारतातील, त्यातही मराठीतील मालिका हेच मुख्य क्षेत्र धरले आहे.

परदेशाचा दाखला थोडक्यात घेतला म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. अमेरिकेत असे सुवर्णयुग दोनदा आल्याचे मानतात. पहिले १९५०च्या दशकातले, जेव्हा न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतून नाटके थेट प्रक्षेपित होत आणि पॅडी चायेफ्स्कीचे ‘मार्टी’ (१९५३) किंवा रेजिनाल्ड रोझचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५४) यांसारख्या कृती आधी दूरचित्रवाणीवर व मग चित्रपटात अवतरत. यांपैकी दुसरीवरूनच बासू चटर्जींनी पुढे ‘एक रुका हुआ फैसला’ केला. दुसरे युग १९९९ साली ‘द सोप्रानोज’पासून सुरू झाले आणि ‘द वायर’, ‘मॅड मेन’, ‘ब्रेकिंग बॅड’ अशा कृतींनी ते उजळले. त्याचा उगम जाहिरातींवर नव्हे तर वर्गणीदारांच्या पैशावर चालणाऱ्या एका वाहिनीत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २०२२ साली तेथे जवळजवळ सहाशे कथात्मक मालिका निर्माण झाल्या, २०२३ साली लेखकांनी १४८ दिवस संप केला, आणि त्यानंतर मालिकांची संख्या उतरणीस लागली. या दोन्ही युगांच्या उदयास्ताला प्रतिभेची भरती-ओहोटी कारण झालेली नाही. लेखकाला पैसा कोण देतो, मुदत किती देतो आणि प्रेक्षकाची पात्रता काय समजतो, या तीन गोष्टींची व्यवस्था बदलली की युग बदलले.

हीच तीन परिमाणे आपल्याकडे लावून पाहू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सामग्री तुटपुंजी, प्रक्षेपण कृष्णधवल आणि खर्चावर सरकारी कारभाराचा काटेकोर अंकुश, अशा स्थितीतही तेथील निर्मात्यांनी मराठी रंगभूमी आणि मराठी साहित्य यांच्याशी आरंभापासून जवळचे नाते जोडले. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघर पोहोचले ते याच काळात, आणि कागदावरील विनोदाला देह मिळाला तरी त्याचा साधेपणा हरवत नाही, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७४पासून दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही सुरू झाल्याने या माध्यमाला शिकून तयार झालेली माणसे मिळू लागली. परंतु पाहणाऱ्यांची संख्या अद्याप मर्यादित होती. घरोघर जमणारा विशाल प्रेक्षकवर्ग निर्माण व्हायला १९८२मधील रंगीत प्रक्षेपण आणि १९८४मधील प्रक्षेपण केंद्रांचा झपाट्याने झालेला विस्तार या दोन घटना घडाव्या लागल्या.

मालिकेची कल्पनाही याच सुमारास सरकारी दफ्तरात शिरली. तेव्हाचे नभोवाणीमंत्री, विदर्भातून निवडून गेलेले वसंत साठे, यांनी मेक्सिकोच्या भेटीत तेथील लोकशिक्षणपर मालिकांचा प्रभाव पाहिला, आणि त्या विचारातून जुलै १९८४मध्ये ‘हम लोग’चा जन्म झाला. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेचे दीडशेहून अधिक भाग सुमारे सतरा महिने चालले, आणि कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी योजलेली ही कथा पाहता पाहता एका निम्न-मध्यमवर्गीय घराची सजीव कहाणी होऊन बसली. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतील नामावळी आजही विस्मित करते: फाळणीने उखडलेल्या एका पंजाबी कुटुंबाची ‘बुनियाद’, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या माणसांचे ‘नुक्कड’, अन्यायाला जाब विचारणाऱ्या गृहिणीची, प्रिया तेंडुलकरांनी अजरामर केलेली ‘रजनी’, शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’, गुलजारांचे ‘मिर्झा गालिब’, आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाला बोलते करणारी ‘वागळे की दुनिया’, आणि नेहरूंच्या ग्रंथावर श्याम बेनेगल यांनी ५३ भागांत उभारलेली ‘भारत एक खोज’.

हे सारे एकाच काळात का घडले? त्याचे एक कारण आर्थिक व्यवस्थेत होते. दूरदर्शन बहुधा तेरा भागांचा प्रस्ताव मंजूर करी. निर्माता प्रायोजक गाठी, प्रक्षेपणाचे शुल्क भरी, आणि जाहिरातीच्या ठरलेल्या वेळेतून खर्च वसूल करी. या मक्त्याची मुदत आधीच ठरलेली असल्यामुळे लेखकाला पहिला भाग लिहितानाच शेवटच्या भागाचा विचार करता येई, किंबहुना करावाच लागे. दुसरे कारण माणसांचे. समांतर चित्रपटाच्या चळवळीतून, राष्ट्रीय नाट्यविद्यालयातून, पुण्याच्या संस्थेतून आणि मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीवरून एक संपूर्ण पिढी तयार होऊन उभी होती. तिच्या चित्रपटांना चित्रपटगृहे दुर्मीळ होती, आणि दूरदर्शनने तिला एकाच रात्रीत कोट्यवधींचा प्रेक्षक दिला. सत्यजित राय यांच्यासारख्या दिग्दर्शकानेही प्रेमचंदांची ‘सद्गति’ ओम पुरी आणि स्मिता पाटील यांना घेऊन १९८१ साली दूरदर्शनसाठीच केली होती. आणि याच स्मिता पाटील कधीकाळी मुंबई केंद्रावरून मराठी बातम्या देत असत, यावरून रंगमंच, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्यामधल्या भिंती तेव्हा किती ठेंगण्या होत्या याची कल्पना येते.

तिसऱ्या परिमाणाचे, म्हणजे प्रेक्षकाच्या पात्रतेविषयीच्या विश्वासाचे, सर्वांत स्पष्ट दर्शन ‘तमस’च्या प्रकरणात घडते, म्हणून तेथे थोडे थांबणे अवश्य आहे. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ही कृती जानेवारी १९८८मध्ये प्रक्षेपित होऊ लागली. आरंभी एका अंधाऱ्या खोलीत चामड्याचे काम करणारा नथू, कोणाच्या तरी सांगण्यावरून, एक डुक्कर मारण्याची धडपड करीत आहे. प्राणी आवरत नाही, दिवा मिणमिणतो, माणूस घामाने निथळतो, आणि हे काम आपल्याला कशासाठी सांगितले गेले हे त्याला ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी तेच जनावर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. ओम पुरींनी उभा केलेला तो नथू पुढे आपल्याच हातून घडलेल्या गोष्टीचे ओझे वाहत राहतो. ते ओझे त्याच्याकडून काढून घेऊन प्रेक्षकाच्या मनाला सोयीस्कर दिलासा देण्याचा मोह दिग्दर्शकाने कोठेही धरलेला नाही.

साहजिकच मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला, आणि एका न्यायमूर्तींनी प्रक्षेपणास मनाई हुकूमही दिला. तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने ती कृती स्वतः पाहिली आणि मनाई उठवली. पुढे फेब्रुवारी १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच फैसला कायम केला. तो करताना ज्या कसोटीचा आधार घेण्यात आला ती १९४६ साली नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी घालून दिलेली होती: शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने, दुबळ्या व डळमळीत मनाच्या मापाने नव्हे. माझ्या मते त्या काळाचे मर्म या कसोटीत आहे. न्यायालयाने कायद्याच्या भाषेत जे सांगितले तेच त्या काळातले उत्तम लेखक-दिग्दर्शक कलेच्या भाषेत सांगत होते. ते आपल्या प्रेक्षकाला प्रौढ, स्मरणशील आणि दुःख पेलण्याची ताकद असलेला माणूस समजत होते.

मराठीतही त्याच वेळी याच वृत्तीचे काम चालू होते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरून गजानन जागीरदारांनी १९८७ साली केलेल्या मालिकेत रवींद्र मंकणींचा माधवराव आणि मृणाल देवांची रमा यांनी पेशवाईतील एका अल्पायुषी कर्तृत्वाला जे गांभीर्य दिले, त्यात भपकेबाज वेशभूषेपेक्षा संवादातील संयमाचा वाटा मोठा होता. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ राजदत्तांनी पडद्यावर आणला तेव्हा मुलांसाठीचे लेखनही प्रौढांइतक्याच आदराने हाताळले जाते हे दिसून आले. साहित्याच्या भांडारातून कथा घ्यायची, तिचा आरंभ आणि शेवट यांना धक्का लावायचा नाही, आणि नटांना शब्दांसाठी वेळ द्यायचा, असे या मालिकांचे साधे शास्त्र होते.

त्या युगाचे दोषही येथेच नमूद केले पाहिजेत. दूरदर्शनची निर्विवाद मक्तेदारी होती. दिल्लीच्या मंडी हाऊसमधील, म्हणजे दूरदर्शनच्या मुख्यालयातील, मंजुरीसाठी निर्मात्यांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागत. सत्ताधाऱ्यांना अप्रिय अशा विषयांना सहसा दाद मिळत नसे. आणि आज ज्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत अशा नीरस मालिका त्या काळातही विपुल होत्या. काळाच्या चाळणीतून जे उरले तेच आपण त्या युगाच्या नावावर जमा करतो, हा आक्षेप न्याय्य आहे. परंतु चाळणीत एवढे उरले, हेही तितकेच खरे.

१९९२ साली झी वाहिनी आली, १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरींवर शासनाची एकट्याची मालकी नसल्याचा निर्णय दिला, आणि १९९९ साली अल्फा मराठीच्या रूपाने महाराष्ट्राला आपल्या भाषेची स्वतंत्र खाजगी उपग्रहवाहिनी मिळाली. तिची पहिली चार-पाच वर्षे हे मराठी मालिकेचे दुसरे, आणि अनेकांच्या दृष्टीने खरे, सुवर्णयुग होय. विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाची ‘आभाळमाया’, प्रतिमा कुलकर्णी यांचे ‘प्रपंच’, मराठी कथा-कादंबऱ्यांना रूप देणारे ‘पिंपळपान’, स्मिता तळवलकरांची ‘अवंतिका’, आणि दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी केलेले ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही नावे उच्चारली तरी पुरे. ‘टिपरे’मध्ये खलनायक नव्हता, कटकारस्थान नव्हते, तीन पिढ्या एका घरात राहतात आणि एकमेकांना समजून घेण्याचा प्रयत्न करतात, एवढ्या भांडवलावर ती मालिका वर्षानुवर्षे चालली. खाजगी वाहिनी आणि चांगले नाट्य यांचे जन्मजात वैर नाही, याचा हा निर्णायक पुरावा आहे.

मग बिघडले कोठे? जुलै २०००मध्ये हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि रोज प्रक्षेपित होणारी, शेवट न ठरलेली मालिका हा व्यवसायाचा कणा ठरला. मराठीतही ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भागांपर्यंत पोहोचली. येथे थोडा हिशेब मांडून पाहावा. आठवड्यातून सहा दिवस, दररोज जाहिराती वगळून सुमारे बावीस मिनिटे, म्हणजे वर्षाला शंभर तासांच्या वर नाट्य लिहावे आणि चित्रित करावे लागते. ‘तमस’ची संपूर्ण लांबी पाच तासांची, तेवढा मजकूर आजच्या दैनंदिन मालिकेत सुमारे सव्वादोन आठवड्यांत संपतो. कोणत्याही भाषेत, कोणत्याही काळात, या वेगाने उत्तम नाट्य लिहू शकणारा लेखक जन्माला आलेला नाही. तेव्हा आजच्या लेखकाला दोष देण्यापूर्वी त्याच्यावर लादलेले माप पाहिले पाहिजे.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा मढच्या एखाद्या भाड्याच्या बंगल्यात या मालिकांचे चित्रीकरण चालते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे; आणि कोणत्या पात्राचा ‘ट्रॅक’ वाढवायचा व कोणाचा आवरता घ्यायचा याचा हुकूम मात्र वाहिनीकडून सुटतो. आगाऊ तयार भागांची ‘बँक’ पुष्कळदा चार-दोन दिवसांचीच शिल्लक असते, त्यामुळे दृश्याचे कागद सकाळी सेटवर येऊन पडतात, नट रंगभूषा होत असताना ते पाठ करतात, आणि बारा तासांच्या पाळीत एका भागाएवढे चित्रण उरकावे लागते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. २०२०च्या सुमारास देशभरातील सुमारे चव्वेचाळीस हजार घरांत बसविलेल्या यंत्रांवरून हे आकडे काढले जात. आणि त्यांत घसरण दिसली की महिनाभरापूर्वी ठरलेले कथानक रद्द होऊन एखादा अपघात, एखादा स्मृतिभ्रंश किंवा एखादे हरवलेले जुळे भावंड कथेत येऊन दाखल होते. पात्राचा स्वभाव हा नाट्याचा पाया. परंतु ज्या पात्राचा स्वभाव दर गुरुवारी बदलू शकतो, त्याच्या सुखदुःखात प्रेक्षकाने किती काळ गुंतावे?

तथापि दैनंदिन मालिकेच्या पारड्यात जे जमेचे आहे ते टाकलेच पाहिजे. तिने शेकडो नट, तंत्रज्ञ आणि लेखक यांना नियमित उत्पन्न दिले, आणि त्या उत्पन्नावर मराठी रंगभूमीचा बराच भार तोलला गेला. ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी, ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापुरी आणि ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याकडची बोली मुख्य पात्रांच्या तोंडी सन्मानाने बसविली, आणि प्रमाणभाषेबाहेरचा मराठी माणूस केवळ विनोदापुरता असतो ही जुनी समजूत मोडून काढली, हे काम पूर्वीच्या सुवर्णयुगालाही साधले नव्हते. ‘असंभव’ने रहस्याची गुंफण दीर्घकाळ पेलून दाखविली, ‘उंच माझा झोका’ने रमाबाई रानड्यांचे चरित्र नव्या पिढीसमोर ठेवले, आणि ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका तर २०१२ साली सुरू होऊन, लोकप्रियता शिगेला असताना, त्याच वर्षी संपविण्यात आली. दैनंदिन असूनही शेवटाशी प्रामाणिक राहता येते, हे तिने दाखविले. फक्त तो कित्ता गिरविणारे थोडेच निघाले.

राहिला प्रश्न नव्या माध्यमाचा. २०१८ सालच्या ‘सेक्रेड गेम्स’पासून वर्गणीवर चालणाऱ्या मंचांनी हिंदीत जी निर्मिती केली, तिच्यात ठरलेल्या भागांची, शेवट माहीत असलेली कथा पुन्हा अवतरली. ‘दिल्ली क्राइम’ला २०२० साली आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला, ‘पाताल लोक’ने जातीच्या वास्तवाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले, ‘पंचायत’ने एका खेड्यातील संथ दिवसांवर विश्वास टाकला, आणि मुंबईच्या शेअरबाजारावरील ‘स्कॅम १९९२’ने सुचेता दलाल व देबाशिष बासू यांच्या पुस्तकाचे दहा भागांत असे रूपांतर केले की ज्यांना रोखे आणि हुंड्या यांतले काही कळत नव्हते तेही शेवटपर्यंत खिळून राहिले. परंतु येथेही सावट आहेच. २०२१ साली ‘तांडव’ या मालिकेविरुद्ध भावना दुखावल्याच्या आरोपावरून गुन्हे नोंदले गेले आणि त्याच वर्षी शासनाने या मंचांसाठी नियमावली जारी केली, त्यानंतर धाडसी विषयांचे मसुदे कपाटातच राहण्याची प्रवृत्ती वाढली. नागपूरच्या त्या जुन्या कसोटीतील खंबीर माणसाऐवजी चटकन दुखावला जाणारा माणूस पुन्हा मापदंड होऊ लागला आहे. शिवाय या मंचांवर मराठीचा वाटा अद्याप अत्यल्प आहे. ‘समांतर’ किंवा ‘मानवत मर्डर्स’ अशी मोजकीच नावे घेता येतात, आणि जी भाषा एके काळी या माध्यमाला लेखक, नट आणि दिग्दर्शक पुरवीत होती तिची माणसे हिंदीच्या सेवेत अधिक दिसतात.

एवढ्या आढाव्यानंतर निर्णय द्यायचा झाल्यास तो दुहेरी द्यावा लागेल. सर्व देश एकाच वेळी एकच कृती पाहतो, असा काळ या अर्थाने ते युग संपले आहे आणि ते परत येणार नाही. त्यासाठी मक्तेदारी लागते, आणि मक्तेदारी कोणाही सुज्ञ माणसाला परत नको आहे. पण गंभीर, सुबक, शेवट असलेल्या नाट्याचा काळ या अर्थाने ते संपलेले नाही. हिंदीत त्याने नवा आश्रय शोधला आहे आणि मराठीत त्याला आश्रयच मिळालेला नाही. उणीव प्रतिभेची नसून व्यवस्थेची आहे, आणि व्यवस्था बदलता येते. एकेका मराठी वाहिनीने आठवड्यातून एक रात्र तेरा किंवा सव्वीस भागांच्या पूर्ण कथेसाठी राखून ठेवावी. तिचा शेवट लिहून झाल्याखेरीज पहिला भाग चित्रित करू नये. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने तर, टीआरपीवर तिचे अस्तित्व अवलंबून नसल्यामुळे, मराठी कादंबरीच्या दालनाचे दार पुन्हा उघडण्यात पुढाकार घ्यावा. आणि प्रेक्षकांनीही आपली जबाबदारी ओळखावी. ज्या मालिकेने आपल्याला समंजस मानले तिच्यासाठी वर्गणी भरावी, तिच्या लेखकाला पत्र पाठवावे, आणि जी मालिका आपल्याला विसराळू समजते ती सवयीने चालू न ठेवता बंद करावी. ‘हम लोग’च्या काळात प्रेक्षकांच्या पत्रांचे वजन निर्मात्यांना जाणवत असे, आजच्या प्रेक्षकाजवळ त्याहून प्रभावी साधने आहेत, ती त्याने वापरली पाहिजेत.